छापील धडा आणि पडद्यावरचा धडा : भावी भाषाशिक्षकांचा दृष्टिकोन

शिक्षकी पेशात येऊ पाहणाऱ्या छात्राध्यापकाला प्रत्येक सराव पाठापूर्वी पाठ टाचण लिहावे लागते. त्या टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ असा एक रकाना असतो. एके काळी त्यात पाठ्यपुस्तक, खडू-फळा, तक्ता, शब्दपट्ट्या अशी ठरलेली नोंद होत असे. आज त्याच रकान्यात चित्रफीत, ध्वनिफीत, सादरीकरण, क्यूआर कोड, ई-पुस्तक असे शब्द दिसतात. हा बदल वरवर केवळ साधनांचा वाटला, तरी भाषेच्या शिक्षकासाठी तो अधिक खोलवर जाणारा आहे. विज्ञानाच्या तासाला उपकरण हे विषय समजावून देण्याचे साधन असते. भाषेच्या तासाला मात्र मुलांनी वाचायचा मजकूर हाच विषय असतो. तो मजकूर कागदावर येतो की पडद्यावर, यावर मूल कसे वाचते हे काही अंशी ठरते. म्हणूनच उद्याच्या भाषाशिक्षकाला छापील व डिजिटल साहित्याविषयी काय वाटते, हा प्रश्न त्याच्या वैयक्तिक आवडीनिवडीपुरता राहत नाही. पुढील तीस-पस्तीस वर्षे तो ज्या वर्गांना शिकवणार, त्या वर्गांवर त्याचा परिणाम होणार असतो.

नागपूरची भाषिक पार्श्वभूमी

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नागपूर हे बोलके उदाहरण आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची आणि स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते. त्या राज्याच्या कारभारात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. द्वैभाषिकतेचा तो वारसा शहराने आजही जपला आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू माध्यमांच्या शाळा येथे शेजारी-शेजारी चालतात. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, बाजारात नागपुरी हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी अशा तीन पातळ्यांवर येथील मूल वावरते. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या कुटुंबांची झाडीबोली आणि पूर्व विदर्भातील गोंडी यांची त्यात भर पडते.

१९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्या नावाने ओळखले जाते. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर त्याचे कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांपुरते उरले. माध्यमिक शाळांसाठी बी.एड. आणि प्राथमिक शाळांसाठी पूर्वी डी.एड. म्हणून ओळखली जाणारी, आता डी.एल.एड. या नावाची पदविका हे शिक्षक होण्याचे येथील रूढ मार्ग आहेत. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था काम करतात. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून या संस्थांचा जन्म झाला. नोकरी करताना शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची उभारणीच छापील स्वयं-अध्ययन पुस्तिकांवर झाली होती.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार २०१५-१६ पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी एकूण वीस आठवडे राखून ठेवण्यात आले. या आराखड्यातील एक योगायोग लक्षणीय आहे. व्यावसायिक क्षमता वाढवण्यासाठी जे छोटे अभ्यासक्रम सुचवण्यात आले, त्यांत ‘संहितांचे वाचन व चिंतन’ आणि ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन’ हे दोन शेजारी बसले. म्हणजे एका तासाला छात्राध्यापकाने सावकाश, विचारपूर्वक वाचायला शिकावे आणि दुसऱ्या तासाला पडद्यावरची साधने पारखायला शिकावे, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात हे दोन विषय स्वतंत्रपणे शिकवले जातात. त्यांची सांगड घालण्याचे काम बहुधा छात्राध्यापकावरच सोडले जाते.

अभिवृत्ती म्हणजे काय?

शिक्षणशास्त्रात एखाद्या गोष्टीविषयीच्या अनुकूल किंवा प्रतिकूल मनोवृत्तीला ‘अभिवृत्ती’ असे म्हणतात. तिचे तीन पैलू मानले जातात. पहिला विचारांचा, दुसरा भावनेचा आणि तिसरा कृतीचा. ती मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी श्रेणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतच्या पाच पर्यायांपैकी एकावर खूण करण्याची ही पद्धत बी.एड., एम.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे. तंत्रज्ञानाच्या स्वीकाराविषयी फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेले प्रतिमानही शैक्षणिक संशोधनात वारंवार वापरले जाते. एखादे साधन उपयुक्त वाटते का आणि ते वापरायला सोपे वाटते का, या दोन प्रश्नांवर त्याचा स्वीकार अवलंबून असतो, असे ते प्रतिमान सांगते.

मात्र या मोजमापाला मर्यादा आहेत. ‘डिजिटल साहित्यामुळे अध्यापन प्रभावी होते’ या विधानाशी असहमती दर्शवणे आजच्या तरुणाला मागासलेपणाचे वाटू शकते. ‘छापील पुस्तकाला पर्याय नाही’ या विधानाला नाही म्हणणे त्याला अनादराचे वाटू शकते. त्यामुळे तो दोन्हींवर सहमतीची खूण करतो आणि दोन्ही खुणा प्रामाणिक असतात. येथे विसंगती दिसते ती प्रश्न अर्धवट विचारल्यामुळे. कोणत्या कामासाठी, कोणत्या वयाच्या मुलांसाठी आणि कोणत्या शाळेत, हे सांगितल्याशिवाय ‘छापील की डिजिटल’ या प्रश्नाला उपयुक्त उत्तर मिळत नाही.

छापील साहित्याची परंपरा

मराठीच्या शालेय पुस्तकांना दीर्घ इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली. विसाव्या शतकात आचार्य प्र. के. अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने पाठ्यपुस्तकाला साहित्यगुण मिळवून दिला. २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच ‘बालभारती’, पुणे येथे स्थापन झाले. बालभारती, सुलभभारती, कुमारभारती, युवकभारती ही भाषेच्या पुस्तकांची नावे मराठी घरांत रुजली. मराठीबरोबरच हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा भाषांतील पुस्तकेही हे मंडळ काढते. मंडळाचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून प्रसिद्ध होत आहे.

छापील पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या वितरणात आहे. समग्र शिक्षा योजनेतून पात्र शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. त्यामुळे रामटेक किंवा भिवापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचे पुस्तक असते. संगणक किंवा दूरचित्रवाणी संच मात्र बहुधा संपूर्ण वर्गात एकच असतो. पडद्यावरचा मजकूर वर्ग एकत्र पाहतो. पुस्तकातील मजकूर प्रत्येक मूल आपल्या गतीने, ओळीवर बोट ठेवून वाचते. सराव पाठाचे टाचण लिहिताना हा साधा भेद अनेकदा नजरेआड होतो.

छापील पुस्तकातही प्रयोग झाले. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वहीची कोरी पाने घालण्यात आली आणि पुस्तकांचे भाग पाडण्यात आले. अपेक्षित परिणाम न दिसल्याने जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. छापील साहित्य म्हणजे कायम स्थिर असलेली गोष्ट आणि डिजिटल साहित्य म्हणजे सतत बदलणारी गोष्ट, हा समज त्यामुळे पूर्णपणे खरा ठरत नाही.

डिजिटल साहित्याचे प्रवाह

शाळेत पडदा आला तो संगणकाबरोबर नव्हे, तर दूरचित्रवाणीबरोबर. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने मराठी मुलांसाठी असंख्य शैक्षणिक कार्यक्रम तयार केले; २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. त्याच सुमारास नव्या लाटेने जोर धरला होता. जून २०१५ मध्ये राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला आणि लोकसहभागातून जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची चढाओढ राज्यभर सुरू झाली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू केले. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड भ्रमणध्वनीने टिपला की त्या धड्याशी संबंधित ध्वनिफिती व चित्रफिती उघडतात, अशी ती योजना आहे. पुस्तकांवर असे कोड छापण्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा क्यूआर कोडयुक्त पुस्तकांच्या त्यांच्या कामाची जगभर दखल घेतली गेली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि डिजिटल साहित्य ऐच्छिक राहिले नाही. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. त्याच महिन्यात केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रे सुचवली. त्या काळात बी.एड. करणाऱ्या तुकड्यांनी सराव पाठही भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर दिले. आज शाळांत रुजू असलेल्या तरुण शिक्षकांपैकी अनेकांची डिजिटल साहित्याविषयीची मते त्या सक्तीच्या अनुभवातून घडली आहेत.

‘डिजिटल’ या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बालभारतीचे पुस्तक पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळते. पण ती छापील पानाचीच प्रतिमा असते. मोठ्या पानासाठी मांडलेला मजकूर भ्रमणध्वनीवर वाचताना तो सतत मोठा करावा व सरकवावा लागतो. ध्वनिफीत ही निराळी वस्तू आहे, शब्दखेळ निराळा, ऑनलाइन शब्दकोश निराळा. प्रथम बुक्सने सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी गोष्टी पडद्यावर वाचता येतात, भाषांतरित करता येतात आणि मुक्त परवान्यामुळे छापूनही घेता येतात. अशा साहित्याच्या बाबतीत छापील आणि डिजिटल यांतील भिंत फारशी उरत नाही. ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर उपलब्ध झाल्याने घरी किंवा ग्रंथालयात तो संग्रह नसलेल्या छात्राध्यापकालाही अर्धशतकातील बालसाहित्य चाळता येते.

संशोधन काय सांगते?

कागदावरील व पडद्यावरील वाचनाच्या तुलनेवर जगभरात मोठे काम झाले आहे. नॉर्वेतील अ‍ॅन मँगेन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. २०१८ मध्ये पाब्लो डेलगादो व सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत सहभागी झालेल्यांची संख्या १ लाख ७० हजारांहून अधिक होती. माहितीपर मजकुराच्या आकलनात, विशेषतः वेळेची मर्यादा असताना, कागदाचे पारडे जड ठरले. केवळ कथात्मक मजकूर असलेल्या अभ्यासांत मात्र असा फरक आढळला नाही. वर्षे सरली तसा कागदाचा लाभ कमी होण्याऐवजी वाढला, ही त्यातील आणखी एक महत्त्वाची नोंद. संगणकाच्या सहवासात वाढलेली पिढी पडद्यावर आपोआप चांगली वाचू लागेल, ही अपेक्षा त्यातून फोल ठरते.

इस्रायलमधील रकेफेट अ‍ॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांच्या २०११ च्या प्रयोगांत निराळीच बाब पुढे आली. पडद्यावर वाचणाऱ्यांना आपल्याला मजकूर जितका समजला असे वाटत होते, तितका तो समजलेला नव्हता. भाषाशिक्षकासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. समजले नाही हे ज्याला उमगते तो पुन्हा वाचतो. समजले असा भ्रम झालेला वाचक पुढे सरकतो.

विद्यार्थ्यांना काय आवडते, याचाही शोध घेतला गेला आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नाओमी बॅरन व सहकाऱ्यांनी भारतासह पाच देशांतील ४२९ विद्यापीठीय विद्यार्थ्यांची मते २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी छापील वाचनात लक्ष सर्वाधिक एकाग्र होते, असे सांगितले. सोय, कमी खर्च आणि हवा तो शब्द चटकन शोधता येणे, ही पडद्याची बलस्थानेही विद्यार्थी मान्य करतात. म्हणजे ज्यांना अतिशय आधुनिक समजले जाते, त्या तरुणांच्या मनातही कामांची विभागणी स्पष्ट आहे.

धोरणांच्या पातळीवरही फेरविचार झाला आहे. शाळांच्या डिजिटलीकरणात पुढे असलेल्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले. त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान नेमके कोणाच्या अटींवर वापरले जात आहे, असा प्रश्न उपस्थित केला. अर्थात ज्या देशात प्रत्येक मुलाजवळ यंत्र होते, त्याचा अनुभव विदर्भातील शाळेला जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे पडद्याचा अतिरेक ही अडचण होती; येथे काही शाळांत वीज आणि इंटरनेट यांची खात्री नसणे हीच अडचण आहे.

मराठीचे स्वतःचे प्रश्न

परदेशी अभ्यास बहुतांशी रोमन लिपीतील भाषांवर झाले आहेत. मराठीच्या शिक्षकासमोर आणखी काही प्रश्न उभे राहतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप निश्चित केले. २०२२ मध्ये ते अद्ययावत करण्यात आले. त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे स्वीकारली आहेत. बालभारतीच्या पुस्तकात मूल ही वळणे पाहते. भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर मात्र टंकानुसार, म्हणजे फाँटनुसार, अनेकदा हिंदीत रूढ असलेली वळणे उमटतात. नागपुरात दुकानांच्या पाट्यांपासून आगगाडीच्या फलकांपर्यंत दोन्ही वळणे मुलांच्या डोळ्यांसमोर असतातच. पहिलीच्या मुलाला ‘ल’ गिरवायला शिकवणाऱ्या छात्राध्यापकाने सादरीकरणातील टंक तपासला नाही, तर पुस्तक एक अक्षर दाखवते आणि पडदा दुसरे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्ध्या ‘र’चे रूप किंवा ‘ॲ’ हे अक्षर जुन्या टंकांत बिघडते, हाही नेहमीचा अनुभव आहे.

छापील पानाची उणीव उच्चारात दिसते. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत. लिपीत तो भेद दाखवला जात नाही. ‘चार’मधील ‘च’ आणि ‘चाक’मधील ‘च’ कागदावर सारखेच दिसतात. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘म्हातारपण’ या अर्थाचा ‘जरा’ यांतील फरक कानांनीच कळतो. हिंदीत हा भेद नाही. त्यामुळे हिंदी किंवा उर्दू घरांतून आलेल्या नागपूरच्या मुलांना, तसेच हिंदी माध्यमातून शिकलेल्या काही छात्राध्यापकांनाही, येथे चांगल्या ध्वनिफितीचा खरा उपयोग होतो. इंग्रजीच्या उच्चारांबाबत तर हे अधिकच लागू पडते. मात्र ध्वनिफितीतील प्रमाण उच्चार ऐकवताना घरची बोली ‘चूक’ ठरवली जाणार नाही, ही काळजी शिक्षकालाच घ्यावी लागते. झाडीबोली किंवा गोंडी बोलणारे मूल पहिल्याच वर्षी गप्प झाले, तर त्याला बोलते करणे कोणत्याही फितीला जमत नाही.

डिजिटल साहित्याचा निर्विवाद लाभ शब्दकोशांत आहे. १८५७ ची मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती आणि १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पूर्वी ठरावीक ग्रंथालयांतच पाहायला मिळत. आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांत शब्द शोधता येतो. मराठी विश्वकोशाचे खंडही महाजालावर खुले आहेत. धड्यातील एखादा जुना शब्द अडला, तर मार्गदर्शिकेतील आयता अर्थ उतरवण्याऐवजी मूळ कोश पाहणे आज प्रत्येक छात्राध्यापकाला शक्य आहे.

स्वतःची सवय आणि वर्गातील गरज

छात्राध्यापक स्वतः विद्यार्थीही असतो. शिक्षक पात्रता परीक्षा राज्यात २०१३ पासून घेतली जाते. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी तर संगणकावरच द्यावी लागते. तिची तयारी चित्रफिती, प्रश्नसंच आणि भ्रमणध्वनीवर आलेल्या टिपणांतून होते. या साहित्याची घडण जलद उत्तरासाठी असते. चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय लागलेला डोळा कवितेसमोर मात्र थबकतो, कारण तेथे उत्तर एकच नसते. परीक्षेसाठी सोयीचे ठरलेले साहित्य वर्गासाठीही योग्य असेल, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तरुण आहे म्हणजे त्याला तंत्रज्ञान येतेच, हाही असाच एक समज. मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये रूढ केलेली ‘डिजिटल निवासी’ ही संज्ञा लोकप्रिय झाली, पण साधन हाताळता येणे आणि त्याद्वारे शिकवता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये हाच मुद्दा शास्त्रीय चौकटीत मांडला. विषयाचे ज्ञान, अध्यापनशास्त्राचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान यांचा जेथे संगम होतो, तेथे शिक्षकाचे खरे कौशल्य असते, असे ते सांगतात. मुलांबाबतही हेच दिसते. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असे आढळले. आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी वापर केल्याचे ५७ टक्के मुलांनी, तर समाजमाध्यमांसाठी वापर केल्याचे ७६ टक्के मुलांनी सांगितले.

सराव पाठाची रचनाही दृष्टिकोन घडवते. निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असतात, वेळ मोजका असतो आणि गुण द्यायचे असतात. अशा वेळी रंगीत सादरीकरण ठळकपणे दिसते; मुलांना पाच मिनिटे शांतपणे मूकवाचन करू देणे मात्र ‘काहीच न करणे’ वाटू शकते. त्यामुळे छात्राध्यापक गुणांसाठी पडदा निवडतो आणि नोकरी लागल्यावर, प्रोजेक्टर बंद पडलेल्या शाळेत, पुन्हा केवळ पाठ्यपुस्तक वाचून दाखवण्याकडे वळतो. यात ना पडद्याचा कस लागतो, ना पुस्तकाचा. आंतरवासितेचे दीर्घ आठवडे येथे उपयोगी पडतात. तीच मुले रोज समोर असताना कोणत्या साहित्याने ती खरोखर वाचू लागली, हे पाहण्याची संधी एका पाठात मिळत नाही, अनेक आठवड्यांत मिळते.

निवडीचे निकष

उपलब्ध ज्ञानाच्या आधारे काही निकष सांगता येतात. अक्षरओळख व लेखन यांसाठी मुलाच्या हातातील कागद, पाटी आणि शब्दपट्ट्या यांना अग्रक्रम द्यावा. गोष्टीचे सहवाचन मोठ्या चित्रांच्या पुस्तकातून करावे. पुस्तक नसेल तेव्हा तीच गोष्ट पडद्यावर दाखवायला हरकत नाही. माहितीपर उतारा, व्याकरणाचे विवेचन किंवा पुन्हा पुन्हा वाचावी लागणारी कविता कागदावर असावी. श्रवण, उच्चार, निरनिराळ्या बोलींची ओळख आणि कवीच्या आवाजातील कविता यांसाठी ध्वनिफीत वापरावी. शब्दार्थ, व्युत्पत्ती आणि संदर्भ शोधण्यासाठी डिजिटल कोश पाहावेत. पडद्यावर वाचन करायचेच असेल, तर थांबे ठरवून प्रश्न विचारावेत आणि मुलांना वहीत टिपणे काढू द्यावीत, म्हणजे समजल्याचा भ्रम कमी होतो.

अध्यापक महाविद्यालयांना यासाठी मोठा खर्च करावा लागणार नाही. पाठ टाचणातील ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यापुढे ‘हेच का?’ असा आणखी एक रकाना वाढवला, तरी बरेच साधेल. कारण लिहावे लागले की आवडीचे रूपांतर निर्णयात होते. एकच धडा एका तुकडीला छापील पानावरून आणि दुसऱ्या तुकडीला पडद्यावरून शिकवून, दोन्हींचे आकलन तपासण्याचा छोटा कृतिसंशोधन प्रकल्प कोणत्याही छात्राध्यापकाला करता येतो. दुसऱ्याचे निष्कर्ष पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या वर्गातील पुरावा दृष्टिकोन लवकर बदलतो.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता आले पाहिजे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठण्याचे काम अखेर वर्गातील शिक्षकावरच येते. त्या शिक्षकाला पुस्तक केव्हा उघडावे आणि पडदा केव्हा लावावा हे कळले पाहिजे. तितकेच, दोन्ही बाजूला ठेवून मुलाचे बोलणे केव्हा ऐकावे, हेही त्याने प्रशिक्षणाच्या काळातच शिकलेले असले पाहिजे.